निमकी

एकिबास्तूझ. एप्रिल. पहाटेचे पाच.
बाहेर उणे चार. आत, पत्र्याच्या गोदामात,
तीन हजार पंखे एका सुरात ओरडतात
आणि रौशन कानांत कापूस कोंबून
पडद्यावरचा आकडा उतरताना बघते.

पाच वाजून नऊ मिनिटांनी
आठ लाख चाळीस हजारावा ठोकळा पडला.
कुठे काही वाजलं नाही.
एकही पंखा अडखळला नाही.
तेवढीच वीज, तेवढाच कोळसा,
मोबदला मात्र निम्मा.

हे कुणी चोरलं नाही, कुणी कापलं नाही.
पंधरा वर्षांपूर्वीच लिहून ठेवलेलं,
दुधाच्या दातांसारखं:
पडणार, ठरल्या वयात.

पन्नास. पंचवीस. साडेबारा. सव्वासहा.
इथवर माझी भाषा बरोबर चालते,
जुन्या निमकीच्या पाढ्यावर पाय टाकत.
मग तीन आणि वर अदपाव.
इथे तीही थांबते, चष्मा शोधते.

रौशनचा बाप येर्मुखान
तीस वर्षं उघड्या खाणीत, कोळशावर.
त्याने एकदा विचारलं होतं,
तुमच्या खाणीतून निघतं काय?
आकडे.
आणि धूळ?
धूळ तुमच्याकडचीच, आके.
तो बराच वेळ नखं बघत राहिला.
कोळसाही खोल खोल जातो, म्हणाला,
पण तारीख सांगून नाही.

सातला कुअनिशने ऑफिसात बोलावलं.
जुनी यंत्रं आजपासून बंद. परवडत नाहीत.
एवढंच बोलला. मग दूध घातलेला चहा ओतला,
चिनीमातीचा प्याला काठोकाठ भरला
आणि खिडकीकडे पाहू लागला.

कझाख घरात पाहुण्याला अर्धाच प्याला देतात.
अर्धा म्हणजे बस, अजून ओतायचंय.
काठोकाठ म्हणजे
ऊठ.

रौशनने तो संपवला. थेंब सांडला नाही.

बाहेर, गरम वाऱ्याच्या झडपेपाशी
हिवाळा काढलेल्या चिमण्या
गार होत चाललेल्या जाळीवर बसल्या होत्या,
उडत नव्हत्या.

घरी येर्मुखानने काही विचारलं नाही.
ती बूट काढेपर्यंत पाणी उकळलं होतं.
त्याने ओतलं, दोन बोटं, फार तर अर्धा,
आणि किटली
हातातच धरून बसला.