आढळला नाही

रिपोर्टात लिहिलंय: आढळला नाही.
'नाही' असं लिहिलेलं नाही.

शालन म्हणते, एकच की ते.
एकच नाही, शालन.
छत्तीस वर्षं नारायण पेठेतल्या छापखान्यात
मी प्रुफं तपासली.
तिसऱ्या प्रुफावर सही ठोकायचो, चूक आढळली नाही,
आणि पुस्तक बांधून आलं की
अर्पणपत्रिकेतच
'दिवंगत'मधला 'दि' दीर्घ,
दीर्घायुषी असल्यासारखा ऐटीत बसलेला.

डॉक्टर मुजावर सरळ माणूस.
बारा आठवडे गोळ्या, मग बारा आठवडे नुसती वाट,
मग पुन्हा रक्त. म्हणाले,
तोरणेकर, गेला तो.
मी विचारलं, गेला की लपला?
त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.
म्हणाले, मशीनला दिसतं त्याच्या खालचं
मशीन सांगू शकत नाही.
पण गोळ्या बंद झाल्यावर इतके दिवस
गप्प बसणाऱ्यातला तो नव्हे.
शंभरात एखाद्याचा परत येतो,
आणि यायचा तो बहुधा लवकरच येतो.

शंभरात एखादा.
म्हणजे बाराशेच्या आवृत्तीत बारा.
हा हिशेब मी बसस्टॉपवर केला,
बस गेली.

तो आला तेव्हाही सांगून आला नव्हता.
एक्याण्णव साली लकडी पुलाच्या तोंडाशी लूना घसरली,
दोन बाटल्या रक्त चढवलं.
देणारा कोण, देव जाणे. भलाच असणार,
कपभर चहा आणि चार ग्लुकोज बिस्किटं खाऊन
दंड चोळत घरी गेला असेल.
त्याच्या चांगुलपणातून हा माझ्यात आला
आणि सत्तावीस वर्षं यकृतात राहिला,
जुन्या करारातल्या भाडेकरूसारखा.
आवाज नाही, तक्रार नाही.
आतून भिंती पोखरत.

आता खोली रिकामी आहे म्हणतात.
खिळ्यांची भोकं सोनोग्राफीत दिसतात.
दारावरची पाटी तशीच:
अँटिबॉडी तपासली की अजून पॉझिटिव्ह येते,
येतच राहणार म्हणे,
गेलेल्याच्या नावानं पोस्टमन हाक मारत राहतो तशी.

म्हणून माझं ब्लेड, ब्रश, नेलकटर
अजून वेगळ्या डब्यात.
झाकणावर माझ्याच वळणदार अक्षरात:
हात लावू नये.
पाच वर्षं झाली.

आज रास्ता पेठेत वार्षिक हजेरी होती, यकृताची.
बाकावर बसलो. समोर पाटी:
रक्त तपासनीसाठी आत येताना चपला बाहेर काढाव्यात.
तपासनी.
बाणातला ण नाही, नळातला न.
याच बाकावर सात वेळा बसलो होतो मी.
याच पाटीकडे बघत.

पट्टी आवळणाऱ्या मुलीला सांगितलं.
ती म्हणाली, काका, मूठ आवळा.
मग शीर शोधता शोधता म्हणाली,
लोकांना कळतं की.
आजवर कुणी चपला घालून आत आलं नाही.

घरी आलो तर शालन खिडकीत,
मांडीवर पेपर पसरून नखं काढतेय.
माझ्या डब्यातल्या नेलकटरनं.
मी ओरडलोच.
तिनं मान वर केली नाही.
माझं सापडेना, म्हणाली.

सापडेना म्हणजे
घरात नाही असं होत नाही,
हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं.

तिची करंगळी राहिली होती.
मी चपला काढल्या.