आडव्या ओळीत सोलापूर

मार्चअखेर. सात रस्त्याजवळची कचेरी,
पंखा फिरतो तेवढीच हवा.
माझ्यापुढे दरडोई उत्पन्नाचा तक्ता,
उभ्या रकान्यांत वर्षं, आडव्या ओळींत जिल्हे.
हत्तुरे साहेब म्हणतात, मॅडम, ओळ चुकते,
पट्टी लावून वाचा.

पट्टी आहे माझ्याकडे. शिसवीची, एका टोकाला झिजलेली.
वडील ती गिरणीत कापडावर ठेवून
इंचात किती धागे ते मोजायचे.
गिरणी गेली. इंच राहिले.
मी पट्टी ठेवते
आणि वरच्या ओळीतलं पुणं झाकलं जातं.
क्षणभर बरं वाटतं, खोटं कशाला बोलू.

तक्त्याला पहिलं वर्ष असतं.
त्याआधीचा लिंगय्या कुठल्याच रकान्यात नाही.
माझा खापरपणजा. करीमनगरकडून चालत आला,
खांद्यावर मागाची फणी, पाठीवर दुष्काळ.
सोलापूर कुठल्या दिशेला, हेही त्याला नीट ठाऊक नव्हतं.
एवढंच ऐकलं होतं की तिथे भोंगा वाजतो
आणि भोंग्यामागे गेलं की हातावर रोख पैसा पडतो.
बायकोला म्हणाला, पोदां.
चल, जाऊ.

तेव्हा आम्ही वरची ओळ होतो.
अगदी वरची नव्हे, पण दिसणारी.
रूळ आले, कापूस इथे उतरू लागला,
आणि ज्या गावांना रूळ चुकवून गेले
ती गावं लांब गेली
एक इंचही न हलता.
आमच्या भोंग्यापायी कुठले कुठले माग मुके झाले,
लिंगय्याच्या गल्लीत किती खड्डे बुजवले लोकांनी,
पाय सोडून बसायचे, मागाचे,
त्याचा तक्ता कुणी केला?
मीसुद्धा नाही केला. माझं तर कामच ते.

धोटा जातो, येतो, जातो, येतो.
कापड मात्र गुंडाळलं जातं
एकाच बाजूला.

साईकिरण सकाळच्या हुतात्माने गेला त्याला तीन वर्षं झाली.
वाकडला चौघांत एक खोली.
परवा फोनवर म्हणाला, आई, इथे टॉवेल फार महाग,
आणि लेबल उलटून बघितलं तर आपलंच गाव.
मी म्हटलं, पाठवते चार.
त्याला तेलुगू येत नाही आता.
निघताना म्हणाला होता, निघतो.
शब्द बदलला. पाठ तीच.

आणि अक्कलकोट रोडच्या कारखान्यात, पाहणीला गेले तेव्हा,
शरणव्वा गाठोडी उचलत होती.
अफझलपूरकडची. तिच्यासाठी हेच मोठं शहर,
इथे रस्त्यावर रात्रीही दिवे, पोरीला कॉलेज.
तिने विचारलं, मॅडम, तुमच्या यादीत आमचं गाव कितवं?
म्हटलं, ते दुसऱ्या राज्याच्या यादीत.
मग तिथं बी खालीच असंल की, म्हणाली,
आणि हसली, जणू गंमत माझीच झाली.

तिचं खरं असावं.
प्रत्येक गावाला एक पुढचं गाव असतं,
आणि पुढच्या गावाला वाटतं, आपण चालत इथवर आलो.
कुणाच्या खांद्यावरून, ते विचारायची पद्धत नाही.

साहेब शेवटचा रकाना भरायला सांगतात.
शेरा. तफावतीची कारणे थोडक्यात.
जागा एक इंच.
एका इंचात किती धागे बसतात, मला ठाऊक आहे.
पेन टेकवते. लिंगय्या, रूळ, भोंगा, टॉवेल,
सगळे दारात गर्दी करतात,
आत कुणीच मावत नाही.
लिहिते: निरंक.

साहेब सही करतात. मी पट्टी पुसून पिशवीत टाकते.
लवकर निघायला हवं.
पाच दिवसांनी आज
आमच्या भागात पाणी आहे.