आवक क्रमांक

करारावर तीन सह्या.
कुलसचिवांची हिरव्या शाईत,
कारखानदारांची घाईत,
उपायुक्तांची, फाईल दोन महिने फिरून आल्यावर.

यंत्र एवढंसं, जेवणाच्या डब्यात मावेल.
नाल्यात बुडवलं की पाण्यातलं आम्ल सांगतं.
हर्षला भोपीनं वसतिगृहात जुळवलं ते,
तीनदा आत पाणी शिरून जळालं.
चौथ्यांदा रबाळ्याच्या शेडमध्ये
लेथवरच्या इद्रिसचाचांनी
जुन्या ट्यूबचा वॉशर कापून दिला.
म्हणाले, पोरी, पाणी वाट काढतंच.
मग नाही गळलं.

वॉशरचा उल्लेख करारात नाही.
परिशिष्ट 'क'सुद्धा चाळलं मी.

आज पावण्याच्या पुलाखाली
पहिला आकडा आला. लाल.
नाला ज्या भिंतीमागून येतो
तिच्यावर त्याच घाईतल्या सहीचं नाव,
पितळी अक्षरांत.

तिन्ही कचेऱ्यांत फोन वाजले असतील.
कुणी उचलला, मला काय ठाऊक!
मी आवक-जावकचा कारकून.

हर्षला टेबलापाशी उभी, चपला चिखलानं भरलेल्या.
"आता पुढे काय, काका?"
कागदावर शिक्का मारला, तारीख घातली.
म्हटलं, क्रमांक पडला बाई,
आता हे पाणी
दफ्तरात आलं.