दारं धरणं

मस्कतपासून अडीच तास,
शेवटचा चढ पहिल्या गिअरमध्ये.
मिस्फात गाडीरस्ता संपतो तिथे पाटी:
खांदे, गुडघे झाकून या.

खडकावर घर, घरावर घर.
खडक कुठे थांबला, भिंत कुठे लागली,
सांगता येईना मला;
आणि मी तर भिंतींचे चौरस मीटर मोजून
नऊ वर्षं पोट भरतोय.

खाली खजुरांत फलज.
खमीस नावाचा म्हातारा चिंध्यांचा बोळा उपसतो,
पाणी डाळिंबांकडे वळतं.
सावली बघतो,
बोळा परत कोंबतो.
आता शेजाऱ्याची पाळी.

आमच्याकडे याला दारं धरणं म्हणतात,
मी सांगितलं, सरळ मराठीत.
माझं अरबी सिमेंट, उशीर
आणि उद्या, एवढ्यापुरतंच.
त्याने ऐकून घेतलं सगळं
आणि खोरं माझ्या हातात दिलं.

बूट भरले.
मोजे डॅशबोर्डवर टाकले,
ते निझवा यायच्या आत कडक.

रविवारी साइटवर
स्लॅबला पाणी मारणाऱ्या पोराला म्हटलं,
दे इकडे नळी, जरा वेळ.
तो घाबरला, त्याला वाटलं
काही चुकलं.