माया

सोनोग्राफीच्या कागदावर लिहिलंय:
डावीकडे, सहा पूर्णांक आठ गुणिले पाच पूर्णांक नऊ.
घरी येऊन टेप काढला.
सेंटीमीटरची बाजू मी सहसा वापरत नाही.
पावणेतीन इंचांना जरा कमी.
सुवर्णा तांडेलच्या ब्लाउजला
पाठीची पट्टी एवढीच लागते.

मोठ्या डॉक्टरांची तारीख तेवीस.
आज सहा.
खिडकीवरचा माणूस म्हणाला,
फार दुखलं तर कॅज्युअल्टीत या.
फार म्हणजे किती, ते विचारायचं होतं,
पण मागे रांग होती
आणि पुढच्या बाईने आपला केसपेपर
माझ्या खांद्यावरून आत सरकवला.

मशीन पायाचं.
डाव्या पायाने रेटलं
की कळ मांडीतून थेट गुडघ्यात उतरते.
म्हणून उजव्याने चालवते. टीप वाकडी जाते.
उसवते. पुन्हा घालते.

रबराची पिशवी गळायला लागली
तेव्हा सरबताची काचेची बाटली घेतली,
तिला खोळ शिवली, लाल,
उरलेल्या टू बाय टूची.
बटणसुद्धा लावलं. लावायला नको होतं,
ते पोटाला रुततं.

काल मिस्किटाबाई माप द्यायला आल्या.
माझ्याच पोटाकडे बघून हसल्या:
"काय गं, या वयात?"
माझ्या तोंडात टाचण्या होत्या.
बरं झालं.

घोडपदेवला रात्री तीन वाजता
कोणीतरी शटर ओढतं, रोजच.
मी तेव्हा जागीच असते.
भिंतीला धरून चाळीच्या टोकाला जाते,
निहारिका टॉर्च घेऊन दाराबाहेर उभी.
बोलत नाही. मधूनच कडी वाजवते.
मी आतून एकदा वाजवते.
दोनदा वाजवली तर शेजारच्यांना उठवायचं,
असं तिनेच ठरवलंय.

गिऱ्हाइकाला सांगत नाही,
पण प्रत्येक कपड्यात मी आत
दोन बोटं माया ठेवते.
अंग भरलं, तर उसवून सैल करता यावं.
मला ज्याने शिवलं
त्यानेही सोडली असणार थोडी,
नाहीतर एवढं आत
मावलं कुठे असतं?

आता मात्र शिवण ताणलीय.
बोटाने चाचपलं तर कळतं.

सतरा दिवस.
त्यात अकरा ब्लाउज, चार फॉल-पिको,
आणि तांडेलच्या घरचं लग्न.
बाटली गार झाली.

निहारिका, पाणी ठेव गं.