टेपचं दुसरं टोक

पाटणहून वर निघालो तेव्हा
मागच्या सीटवर थिओडोलाइटची पेटी
आणि माझ्या मांडीवर काचा.
एक वीत लांब, दोन बोटं रुंद,
जुन्या पेपरात गुंडाळलेल्या.
मुजावर मॅडम ड्रायव्हरला म्हणाल्या, खड्डे बघ रे,
फुटायच्या त्या डोंगरावर फुटू देत.

सड्यावर वारा असा, की टोपी धरावी का टेप.
मी टेप धरला. अठरा वर्षं तेच धरतोय.
शून्य माझ्याकडे, आकडा साहेबांकडे.

खाणीचं तोंड म्हणजे दोन्हीकडून कापलेला डोंगर,
मधून एक डंपर निघेल एवढी वाट.
वर जांभा, अनारशासारखी जाळी पडलेला,
खाली काळा पत्थर,
आणि दोघांच्या मध्ये हातभर चिकण, ओली,
बोट घातलं तर पेरापर्यंत जातं.
सगळं ओझं बसलंय त्या हातभरावर.

पायरी सहा मीटरची. नकाशात सहा आहे.
मी वरून टेप सोडला.
खालून आवाज आला, नऊ पूर्णांक चार.
पिसाळ मॅनेजर म्हणाले, वाऱ्यानं ताणतोय टेप.
वारा पडेपर्यंत थांबलो. चहा झाला.
परत सोडला.
नऊ पूर्णांक चार.

गेल्या खेपेला भेगेवर तीन काचा बसवल्या होत्या,
दोन्ही टोकं सिमेंटात, मधे भेग.
डोंगर केसभर सरकला तरी काच तडकणार.
तारीख मीच घातलेली, काळ्या रंगानं.
तिन्ही धडधाकट.
पिसाळ हसले, बघा मॅडम, शब्दाचा पक्का डोंगर आहे आमचा.

मी वाकलो.
माझ्या आठाला मी शेपूट वळवत नाही, शाळेपासून नाही.
इथं कुणीतरी हौसेनं वळवली होती.

बोललो नाही. बोलणं माझ्या कामात येत नाही.
टेपचं टोक त्या आठावर टेकवलं
आणि मॅडम चष्मा कपाळावर चढवून
वाकेपर्यंत
तसाच उभा राहिलो.

धनगरवाड्यावरचा धाकलू झोरे काठीवर हनुवटी टेकून
मघापासून बघत होता.
म्हणाला, म्हशी दिवाळीपासून हितं बसत न्हाईत बाई.
चरत्यात, पानी पित्यात,
रवंथाला पार पल्याड जात्यात.

तक्त्यात रकाने एकोणीस. म्हशींचा एकही नाही.
मॅडमनी पेनचं टोपण दातात धरलं,
मग शेऱ्यात लिहिलं:
'जनावरांचा उताराखाली बसण्यास नकार.'
खाली सही, तारीख.
तोंड बंद. पायऱ्या सहावर येईपर्यंत बंद.

पत्र्याच्या शेडमध्ये हजेरी लावणारी मालन यादव
रजिस्टर मिटून बाहेर आली.
तिची खुर्ची बरोब्बर भेगेखाली, चार वर्षं.
वर बघितलं, मग आमच्याकडे.
बंद तर बंद, म्हणाली,
पर चाळीस मानसांचा खाडा मी कुठल्या शाईनं लिहू?
मॅडमकडे त्याचं उत्तर नव्हतं.
त्यांनी तिला खुर्ची हलवायला हात लावला.
एक पाय मी धरला.

जुन्या काचा पिशवीत घातल्या, पुरावा म्हणून.
नव्या बसवल्या. सिमेंट ओलं असताना
आठ काढला, उघडा, शेपटी न वळवलेला,
आणि काचेच्या पाठीमागं, कुणाला दिसू नये तिथं,
खिळ्यानं एक बारीक रेघ.

रात्री कऱ्हाडला, घरी,
फळीवरच्या पेल्यांनी एकमेकांना हळूच विचारलं काहीतरी.
कोयनेचा धक्का. अडीच, फार तर पावणेतीन.
एवढ्याला आमच्यात कुणी कूसही बदलत नाही.
बायको झोपेतच म्हणाली, गेला.

मी उठून बसलो.
सिमेंट अजून पुरतं वाळलं नसेल.
तिथं आत्ता कुणी नाही, एवढं तरी नक्की,
खुर्ची पल्याड आहे,
म्हशींच्या बाजूला.