चौथी बाटली

दाजी, सोहारच्या इस्पितळात तिसऱ्या मजल्यावर
तुमचं डोकं एका पांढऱ्या टोपीत आहे
आणि टोपीवरचा पिवळट डाग
मी सकाळपासून बोटाच्या पेरानं मापतो आहे.
वाढलेला नाही. बहुतेक.

पहिला डोस चाकू लागायच्या आधीच दिला म्हणे.
मग वॉर्डात तीन, आठ-आठ तासांनी,
निळ्या झाकणाची छोटी बाटली, अर्धा तास गळणारी.
तिसरी संपली तेव्हा पहाटेची बांग व्हायची होती.
लिसी सिस्टरनं नळी काढली,
चिकटपट्टीवरून बोट फिरवलं, म्हणाली,
बस. खतम.

खतम म्हणजे?
आमच्याकडे साध्या पडशाला पाच दिवसांचं देतात.
इथं कवटी उघडून सुपारीएवढी गाठ काढली,
हाड पुन्हा स्क्रूनं बसवलं,
आणि एकच दिवस?

डॉक्टर बलुशी चहाचा पेला घेऊनच आले.
कापताना दार उघडं असतं, म्हणाले, तेव्हा पहारा लागतो.
आता दार लावलं.
उगाच देत राहिलो तर कच्चे जंतू मरतील,
आणि बाकीचे, (इथं ते हिंदी शब्द शोधत थांबले)
बाकीचे पढे-लिखे होतील.
मला हसू आलं, अशा वेळी.
आपल्या खोलीत आठ जणांत
बारावी झालेले तुम्ही एकटेच.

ताईचा फोन आला, गुहागरहून.
अजून एक बाटली लावायला सांग रे,
पैशाकडे बघू नकोस,
पाटल्या आहेत, मी पाठवते.
अठरा वर्षांत पहिल्यांदा
पैसे तिकडून इकडे यायला निघाले होते.
मी स्टँडकडे बघितलं.
नुसतं सलाईन, मिठाचं पाणी, थेंब पडत होते.
चालू आहे, म्हटलं.

इथला ताप सेल्सिअसमध्ये मोजतात,
त्यात किती घाबरायचं ते मला कळत नाही.
सदतीस पूर्णांक चार.
सिस्टर लिहून जाते, चेहरा न हलवता.
दाराजवळच्या बाटलीतलं थंडगार औषध
मी पुन्हा हातांना चोळतो,
आज कितव्यांदा कोण जाणे,
बोटांची सालं निघाली आहेत.

मध्येच तुम्ही एक डोळा उघडता.
कुलूप लावलंस का, विचारता.
कुठलं, ते सांगत नाही.
लावलं, दाजी.